संसदीय समितीपुढे मी दिलेली साक्ष

सेंत-ओदिल, सास्काचेवान
२३ फेब्रुवारी

आदरणीय एर्नेस्तीनताईस,

धाकट्या ओव्हिलाचा एक गुडघा टेकून नमस्कार (दुसरा हल्ली टेकत नाही, आणि टेकलाच तर उठत नाही). तुझा खोकला कसा आहे? तिकडे क्युबेकात थंडी जरा उतरली असेल. इथे उणे एकतीस आहे. सकाळी गाडी सुरू होत नाही आणि मीही होत नाही. माझं मागचं पत्र तू लाल शाईनं तपासून परत पाठवलंस, ते मिळालं. सव्वीस चुका. अगं, शाळेतून निवृत्त होऊन तुला पंधरा वर्षं झाली, पण तुझ्यातली मुख्याध्यापिका काही खुर्ची सोडत नाही. असो, मी अडुसष्टाव्या वर्षी सुधारतो की काय!

तर बातमी अशी की संसदेची अधिकृत भाषांची समिती आमच्या गावात येऊन गेली. (देशात सरकारी भाषा दोन, इंग्रजी आणि फ्रेंच, त्या दोघींना सारखं वागवलं जातं का, हे बघत फिरायचं हे हिचं काम. सासू दोन्ही सुनांना सारखंच वाढते का, हे बघायला पंच बसवावेत तसलं.) यंदा त्यांना बघायचं होतं ते असं: फ्रेंच बोलणारी परदेशी कुटुंबं सरकार आमच्यासारख्या इंग्रजीनं वेढलेल्या गावांत आणून वसवतं, ती टिकतात का? आता सेंत-ओदिलच्या स्वागत समितीचा अध्यक्ष कोण, तर तुझा भाऊ. (निवडणुकीच्या सभेला उशिरा पोचलो. जो हजर नाही त्याच्या गळ्यात घंटा, ही आपल्या गावाची जुनी रीत.) म्हणून साक्ष द्यायला मला पाच मिनिटं मिळाली.

आमच्याकडे आलेलं कुटुंब एकच, बेनिन देशातल्या कोतोनूचं. सूरू अद्जोवी कापणीची यंत्रं दुरुस्त करतो. त्याची बायको पेलाजी वृद्धाश्रमात आहे. म्हातारी क्लोरिंद आठवते ना? ती इंग्रजी पार विसरून गेली आहे आणि पेलाजीशिवाय कुणाच्या हातून जेवत नाही. त्यांना मुलं तीन. आपल्या फ्रेंच शाळेत आज तेरा मुलं आहेत, ती या तिघांना धरून. बाराच्या खाली आकडा गेला की शाळा मंडळ कुलूप लावणार, तसं पत्रच आलंय. आणि सूरूला मॉन्ट्रियलहून नोकरीचं बोलावणं आहे. मार्चअखेर हो की नाही ते कळवायचंय. का जायचंय त्याला? पगारासाठी नाही, थंडीसाठीही नाही. ताई, त्याचं फ्रेंच इतकं स्वच्छ आहे की त्यानं तोंड उघडलं की आम्हाला आपापल्या चुका आठवतात (तुझी लाल शाई तर मला हमखास आठवते) आणि आम्ही लाजेकाजेस्तव इंग्रजीत उत्तर देतो. दुकानात, चर्चमध्ये, पेट्रोल भरताना, सगळीकडे तेच. परवा मला म्हणाला, "ओव्हिलाकाका, फ्रेंचमध्ये राहायला म्हणून आलो आणि दोन वर्षांत माझं इंग्रजी फर्डं झालं. कोतोनूत मामाला सांगितलं, तर तो हसून हसून खुर्चीवरून पडला." मीही हसलो. इंग्रजीतच काहीतरी बोललो वाटतं.

भाषण मी पक्कं केलं होतं. अकरा वेळा फ्रिजसमोर उभा राहून म्हटलं, फ्रेंचमध्ये. चर्चच्या हॉलमध्ये थाटही जबरदस्त होता: काचेची खोली, तिच्यात दुभाषी, प्रत्येक खुर्चीवर भाषांतर ऐकायला कानाला लावायचं यंत्र. कुणालाच आपली भाषा खाली ठेवावी लागू नये म्हणून एवढा खटाटोप. पण आपली खोड तुला माहीत आहे. वीस फ्रेंचांत एक इंग्रज बसला की एकवीसही जण इंग्रजी बोलतात. आईनं तसंच वळण लावलं ना! पाहुण्याला कळणार नाही असं त्याच्यापुढं बोलू नये, नाहीतर पाठीत धपाटा. तर माझ्या अगदी समोर एक इंग्रज खासदार बसले होते, लालबुंद गालांचे, गरीब चेहऱ्याचे. माझ्याकडे बघून हसले. त्यांचं कानाचं यंत्र टेबलावर तसंच पडलेलं होतं. संपलं! मी तोंड उघडलं आणि अस्खलित इंग्रजीत सांगितलं, की आम्ही सेंत-ओदिलचे लोक फ्रेंचमध्ये जगतो. पुढची पाच मिनिटं तशीच गेली. काचेच्या खोलीतली पोरगी बिचारी माझं भाषण फ्रेंचमध्ये करत होती आणि सूरू यंत्र कानाला लावून ते ऐकत होता. माझ्या मागून बाकीचे उठले. अध्यक्षच इंग्रजीत बोलले म्हटल्यावर आपण फ्रेंच फाडणं म्हणजे शेखी मिरवणं, म्हणून तेही इंग्रजीत. फ्रेंच शाळेच्या बाईसुद्धा! आणि कहर पुढेच आहे. त्या लाल गालांच्या खासदारांना यंत्र नकोच होतं. ते तीन वर्षं फ्रेंच शिकत होते आणि आज ते वापरून बघायला आले होते. त्यांनी मला फ्रेंचमध्ये प्रश्न विचारला, बर्फावरून चालावं तसा एकेक शब्द जपून टाकत. मला त्यांची दया आली. मी इंग्रजीत उत्तर दिलं.

मग सूरू उठला. अख्ख्या दिवसात फ्रेंच बोललेला साक्षीदार तो एकटा. म्हणाला, "ही फार चांगली माणसं आहेत. माझी गाडी बर्फात रुतली की सहा जण फावडी घेऊन धावत येतात. सहाही जण फ्रेंच. आणि सहाही जण माझ्याशी इंग्रजी बोलतात." सगळ्यांत आधी आम्हीच हसलो. नंतर मात्र कुणी मान वर केली नाही. मला फार लाज वाटली, ताई.

साक्षी संपल्यावर वाटाण्याच्या सुपाच्या रांगेत पेलाजीला गाठून माफी मागितली, फ्रेंचमध्ये, अडखळत. ती म्हणाली, "चुका करा हो काका, पण फ्रेंचमध्ये करा." मग मला बाजूला घेऊन बोलली, "मला समिती नको, अहवाल नको. माझी सेदामी आठ वर्षांची आहे. वर्गात तिच्या वयाचं कुणी नाही, मधल्या सुट्टीत भिंतीवर चेंडू मारत उभी असते. तिला एक मैत्रीण द्या. एकच. सूरूला थांबवायचं काम माझं." मी म्हणालो, पोरी, असती तर दिली नसती का! पण त्या वयाची मुलगी आपल्या गावात नाही गं. तिनं मान हलवली आणि मलाच आणखी एक पाव वाढला.

समितीचा अहवाल शरदात निघेल. दोन्ही भाषांत निघेल, तसा नियमच आहे. मी थकलो आहे, ताई. तब्येतीला जप. उत्तर सवडीनं पाठव, घाई नाही.

तुझा,
ओव्हिला

ता.क. – हे पत्र कृपा करून तपासू नकोस.

दुसरा ता.क. – घाई आहे. मी पेलाजीशी खोटं बोललो. माझ्या रेजाँची मेगन आठ वर्षांची आहे आणि केली सहाची. माझ्या घरापासून चार दारांवर राहतात, आणि रोज चाळीस मिनिटं बसमध्ये बसून इंग्रजी शाळेत जातात. रविवारी सगळे माझ्या टेबलावर जेवतात आणि सूनबाई ब्रेंडा असते म्हणून आम्ही इंग्रजीच बोलतो (ब्रेंडानं कधी मागितलं नाही हो तसं, उगाच तिला नावं ठेवू नकोस). रेजाँला हे सांगायला माझं तोंड उघडत नाही. तो विचारेल, "बाबा, तुम्ही पोरींशी कधी फ्रेंच बोललात?" तू त्याची धर्ममाता, बाप्तिस्म्याला तूच त्याला हातात धरलं होतंस. पंचेचाळिशीतही तो तुला टरकून असतो. मार्च संपायच्या आत त्याला एक खरमरीत पत्र टाक: पोरींना आपल्या शाळेत घाल म्हणावं. माझं नाव घेऊ नकोस.

तिसरा ता.क. – ते पत्र मात्र इंग्रजीत लिही. रेजाँला फ्रेंच वाचता येत नाही. मी शिकवलंच नाही.