सातपुडा सनराइज आणि सरदारचं डाएट

२ नोव्हेंबर, रविवार
काल सारिकाचं डोहाळजेवण झालं. सूनबाई आता धुळ्याला माहेरी. पहिलं बाळंतपण तिकडेच. सगळ्या बायकांसमोर जाहीर करून टाकलं की, बारशाला बाळ माझ्या हातच्या क्विल्टवर निजेल. टाळ्या पडल्या. विहीणबाईंनी, म्हणजे ज्योतीताईंनी, दोन बोटांनी वाजवल्या. त्यांनी म्हणे पाळण्याचा सॅटिनचा सेट मागवून ठेवलाय. मागवलेलं वेगळं आणि शिवलेलं वेगळं.
डिझाइन जळगावला परतताना गाडीतच ठरलं. नाव ‘सातपुडा सनराइज’. खाली निळे डोंगर, वर केशरी सूर्य, चारी कडांना केळीची पानं. तीन महिने हातात आहेत. मला एक पुरे. उरलेल्या दोनात कपाटातल्या अर्धवट गोधड्या संपवीन.

५ नोव्हेंबर, बुधवार
रोटरी कटर, कटिंग मॅट, फायबर शीट आणि कोरं कॉटन ऑनलाइन मागवलं. सासूबाई मूळच्या रावेरच्या. वय एक्क्याऐंशी, आणि मत प्रत्येक गोष्टीवर. म्हणाल्या, “तान्ह्या लेकराले नवं कापड टोचते व माय. माह्यं जुनं पातय घे, लोन्यावानी झालं आहे.” मी शांतपणे सांगितलं, आई, ही जुन्या पातळाची गोधडी नाही, क्विल्ट आहे. “मंग ते पांघरत नही का?” या प्रोजेक्टमध्ये चिडायचं नाही असं ठरवलंय.

१२ नोव्हेंबर, बुधवार
पार्सल आलं. उघडलं, तोच सरदार आत जाऊन बसला. सरदार म्हणजे नवरात्रात गेटखालून आलेला बोका. चालण्यातला रुबाब बघूनच नाव ठेवलं. आधीची मांजर, मॅडम, आहेच. ती काम करत नाही, फक्त देखरेख करते. सरदार झोपला, त्यामुळे सामान काढता आलं नाही. मुक्या जिवाची झोप मोडून शिवलेल्या क्विल्टला काय अर्थ?

२३ नोव्हेंबर, रविवार
यांच्या मित्राच्या शेतात भरीत पार्टी. दोन पुऱ्याच खायच्या असं ठरवून गेले. येऊन झोपले. भरीत खाऊन सुई धरू नये, हात तेलकट असतात.

४ डिसेंबर, गुरुवार
आज कटिंग. डोंगरांचे त्रिकोण कापले. एकाचं माप दुसऱ्याला लागत नाही. मॅटवर मॅडम बसली होती, म्हणून तिला वळसा घालून कापावं लागलं. पण सातपुडा तरी कुठे एका मापाचा आहे? नॅचरल दिसेल.
सरदार तीन दिवस झाले गच्चीवर गळा काढून ओरडतो. गल्लीतले सगळे बोके कंपाउंडवर येऊन ऐकत बसतात. एवढा मान आहे त्याला. सासूबाई म्हणाल्या, हा बोका नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी त्यांना फरक पडलेला नाही.

२१ डिसेंबर, रविवार
सूर्य जोडला. छान गोल आला होता. उलट बाजूनं जोडला गेला, म्हणून उसवला. पुन्हा जोडला तर खाली गेला, डोंगराच्या पोटात. हे रविवारचा ओव्हरटाइम करून वरणगावच्या फॅक्टरीतून आले, चहा पिता पिता बघत राहिले आणि म्हणाले, भजी सुंदर दिसतेय. यांना कलेतलं काही कळत नाही. लग्नाआधी हे सांगितलं नव्हतं.
संकल्प: रोज दुपारी एक ते तीन शिवण. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

२२ डिसेंबर, सोमवार
मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला. वाजला तर कळावं म्हणून मीही तिकडेच बसले.

३ जानेवारी, शनिवार
सरदारचं पोट सुटलंय. खाऊन खाऊन, दुसरं काय. आजपासून डाएट. दूध बंद, पोळी अर्धी. सासूबाई म्हणाल्या, “अवं, तिले दिवस गेले आहे. पोटुशी मांजरीले उपाशी ठेवते का?” बोक्याला दिवस गेले! हसू आवरेना. बाहेर जाऊन हसले, त्यांना वाईट वाटू नये म्हणून.
पोछ्यासाठी ठेवलेला माझा जुना गाऊन सापडत नाही. कामाला येणाऱ्या पुनमवर संशय आहे. तिला काही बोलले नाही. फक्त ती असताना मोठमोठ्यानं शोधला.

१५ जानेवारी, गुरुवार
सासूबाई गच्चीवर उन्हात बसून काहीतरी शिवतात. मी गेले की पदराखाली घेतात. आज विचारलंच. म्हणाल्या, “आहे एकीचं बायंतपन.”
समजलं. माझ्या क्विल्टला पर्याय तयार होतोय. माझ्याच घरात, माझ्याच गच्चीवर. रात्री जेवताना त्यांना एक शब्द बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नाही. वरून भाजी दोनदा घेतली.

२७ जानेवारी, मंगळवार
मुलगा झाला! लेकाचा, स्वप्नीलचा फोन आला तेव्हा कणीक मळत होते. तशाच हातांनी फोन घेतला. फोनला कणीक, कानाला कणीक. रडू आलं.
बारसं ८ तारखेला, रविवारी. तिथून बाळ थेट पुण्याला, स्वप्नीलच्या घरी जाणार. म्हणजे धुळ्याच्या आजीकडे जन्मलं, पुण्यात वाढणार. जळगावचं त्याच्याजवळ काय असेल? माझी एक क्विल्ट. तेवढीच. ती झालीच पाहिजे. मनापासून लिहितेय हे.
आनंदात सरदारला एक चमचा दूध दिलं. डाएटचा अजिबात परिणाम दिसत नाही. उलट वाढलाय. हवा असेल.

५ फेब्रुवारी, गुरुवार
डोंगर झाले, सूर्य साधारण झाला. केळीची पानं कापताना घडी उलटी पडली, त्यामुळे सगळी मधोमध फाटली. पण वाऱ्यानं केळीची पानं फाटतातच. रावेर-चोपड्याकडच्या कुणालाही विचारा. राहिलं काय? फायबर शीट भरणं, पाठ लावणं, सगळे टाके आणि कडेची पट्टी. म्हणजे किरकोळच.

७ फेब्रुवारी, शनिवार
किरकोळ नव्हतं.

८ फेब्रुवारी, रविवार, सकाळ
पहाटे उठून पट्टी लावायला बसले. क्विल्ट सपाट होत नाही. मधे फुगवटा आहे, चारी कोपरे वर येतात. त्यावर बाळ ठेवलं तर घरंगळेल. इस्त्री फिरवली. फायबर शीट वितळून इस्त्रीला चिकटलं. हे बाहेर हॉर्न वाजवताहेत.
कोठीच्या खोलीत क्विल्ट न्यायला मोठी पिशवी शोधायला गेले तर कूलरच्या मागे रावेरहून आलेलं केळीचं रिकामं क्रेट. त्यात सासूबाईंची गोधडी! पातळाचा मऊ पोत, बारीक टाके, धावदोरा अगदी सरळ. माप बरोबर त्या क्रेटएवढं. म्हणजे बाळाच्याच मापाचं. पाळण्याचं माप त्यांनी कुणाकडून मिळवलं असेल? थोडे केस होते, झटकले. आपल्या घरात केस कुठे नसतात? जरा दुधाचा वास आला. बाळाची म्हटल्यावर येणारच.
सासूबाई गुडघ्यांमुळे धुळ्याला येणार नाहीत. आंघोळीला गेल्या होत्या. विचारायचं तरी काय? एकीच्या बाळंतपणासाठी आहे असं त्यांनीच सांगितलं होतं. घेतली. माझी क्विल्ट क्रेटमध्ये ठेवली, घडी करून, म्हणजे मोकळी जागा बघून त्यांना वाईट वाटणार नाही.

८ फेब्रुवारी, संध्याकाळ, पारोळ्याजवळ चहाला थांबलोय
सक्सेस!
बाळ सॅटिनवर ठेवलं आणि जे रडायला लागलं! नाव ऐकू येईना. ज्योतीताईंचं तोंड त्या सॅटिनसारखंच घसरलं. मग मी पुढे झाले आणि गोधडी अंथरली. बाळ गप्प. पाय हलवले, जांभई दिली, झोपलं. तेजस नाव ठेवलं, तेही झोपेतच. ज्योतीताईंना कबूल करावं लागलं, “विहीणबाई, हाई गोधडी बठ्ठास्मा भारी शे!” सगळ्यांत भारी, म्हणजे सॅटिनपेक्षाही. कुणीतरी विचारलं, शिवली कोणी? मी म्हणाले, आजीची माया आहे, तिचे टाके मोजायचे नसतात. मी शिवली असं मी म्हणाले नाही. लोकांनी तसं घेतलं, त्याला मी काय करणार? भाषण मागितलं म्हणून तीन महिन्यांच्या कष्टांवर थोडं बोलले. तेवढं खरंच होतं.
हे शेजारी उभं राहून छताकडे बघत होते.

९ फेब्रुवारी, सोमवार
काल घरी आल्यावर कोठीच्या खोलीत दिवा दिसला. सासूबाई स्टुलावर बसलेल्या. क्रेटमध्ये सरदार. सरदारच्या पोटाशी चार पिल्लं. खाली सातपुडा सनराइज.
सासूबाईंनी विचारलं, “सरदारची गोधडी कुठी गेली व?”
मला प्रश्न कळायला वेळ लागला. त्यांनीच उलगडून सांगितलं. महिनाभर त्या मांजरीच्या बाळंतपणासाठी शिवत होत्या. मी हसते म्हणून लपवून. मांजर आधीपासूनच तिच्यावर निजत होती, सवय व्हावी म्हणून. काल दिवसभर बिचारी घरभर ओरडत फिरली आणि शेवटी “तुह्या डोंगरावर जाऊन व्याली.” वरचं पातळ त्यांचं. आतल्या भरावात माझा पोछ्याचा गाऊन.
म्हणजे माझा नातू मांजरीच्या गादीवर झोपलाय. पाठीखाली पोछा.
खाली बसले. सगळं सांगितलं, भाषणासकट. सासूबाई इतक्या हसल्या की कवळी हातात घ्यावी लागली. मग म्हणाल्या, “लेकरू निजलं ना? मंग कोनाले सांगू नको.” क्विल्ट काढायला हात पुढे केला तर हातावर चापट. “बायंतीनले बारा दिवस हालवत नही.”
सकाळी पुनमला नवा गाऊन दिला. ती का म्हणून विचारत राहिली.
दुपारी सारिकाचा फोन. आई, तो त्या गोधडीशिवाय झोपतच नाही, दुसऱ्यावर ठेवलं की लगेच कळतं त्याला. तुमचा वास ओळखतो हो तो. मी म्हणाले, ओळखणारच. सासूबाई समोर पिल्लं मोजत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.
मग ज्योतीताई फोनवर आल्या. ती धुवायला टाकली की पंचाईत होते, तेव्हा तस्सीच आणखी एक शिवून द्या. तुमच्या हाताला काय, दोन दिवसांचं काम. मी हो म्हणून बसले.
सासूबाईंना विचारलं, आई, तुमचं आणखी एखादं जुनं पातळ आहे का? त्यांनी पेटीतून काढून दिलं. वर सुईही दिली. “पातय माह्यं, शिवायचं तू. मले माही बायंतीन पाहायची आहे.”
पातळ खरंच लोण्यासारखं आहे. मोबाइल कोठीच्या खोलीत ठेवला, मॅडमला बाहेर काढलं, खिडकीशी बसले. दोरा ओवला. पहिली ओळ अगदी सरळ घातली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. शेवटी दोरा ताणला. सुरुवातीला गाठ मारलीच नव्हती. सगळी ओळ हातात आली.