पांढरा सदरा दिसला नाही म्हणे

मंगळवार, १२ नोव्हेंबर. संध्याकाळी साडेपाच, लख्ख उजेडात.

सोसायटीच्या फाटकाशी अध्यक्षांच्या चिरंजीवांनी आमच्या ह्यांच्या अंगावर गाडी घातली. हे मागे सरले म्हणून वाचले. काठी चाकाखाली गेली. अंगात पांढराशुभ्र सदरा, मीच नीळ घालून धुतलेला. आणि तो म्हणतो, "काकू, काका दिसलेच नाहीत की!"

तोंडाला बिअरचा वास, कपड्यांना गांजाचा. त्याने खिशातली औषधाची बाटली काढून डोळ्यांत थेंब टाकले, लाली गेली. नजर आली का परत, गाढवा? तिथेच एक का नाही वाजवली मी?

आणि वर त्याचे वडील म्हणतात, "दोन घोट घेतले की उलट सावकाश चालवतो तो, ताई." केवढं कौतुक!

जेवताना हे हळूच म्हणाले, "उद्यापासून रंगीत शर्ट घालू का?" ह्यांनी का बदलायचं? सदरा पांढराच राहील.

माझ्या कॉन्व्हेंट शाळेत शाई सांडली तरी सिस्टर लेखी माफी घ्यायच्या. अध्यक्षांच्या दारात आत्ताच चिठ्ठी सरकवून आले: मुलाकडून गाडीची किल्ली काढून घेतली, असं लेखी उत्तर रविवारी दुपारी बाराच्या आत हवं. नाहीतर सोमवारी हे, मी आणि मोडकी काठी पोलीस चौकीत. सदरा पांढराच असेल.