अकरा फेब्रुवारीचं आभाळ

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
१६ फेब्रुवारी २०२५

ती. करुणाताईस,
धम्मपालचा सप्रेम जय भीम. वि. वि.

कचरूमामांच्या जीपमधून पाठवलेला गठ्ठा काल संध्याकाळी मिळाला. तुझ्या सातवीच्या वर्गाचे सहाही कागद आत होते. दुपारी उपग्रह वरून जातो त्या वेळी मुलांनी मैदानात उभं राहायचं, आभाळाचे दहा भाग कल्पायचे आणि किती भाग ढगांनी झाकलेत ते लिहायचं, हे आता मलाही पाठ झालं आहे. शाळेचं नेट सुधारेपर्यंत आकडे आमच्या टायपिंग सेंटरवरून पुण्याच्या ढगनोंदीच्या प्रकल्पाला मीच भरत जाईन.

मुलं ‘उपग्रह’मधला उ दीर्घ काढतात, तेवढं सांग. श्रेयाचा अकरा तारखेचा कागद घाईत लिहिलेला दिसला, तो नीट करून घेतला. आईचा गुडघा बरा आहे. माझी काळजी करू नकोस; केलीस तर थोडी कर.

आहे तसा लोभ राहू दे.
तुझा, धम्मपाल

अजिंठा
२ मार्च २०२५

चि. धम्मपालस अनेक आशीर्वाद व जय भीम.

इकडे क्षेम आहे, एक सोडून. पुण्याच्या प्रकल्पातल्या रत्नमालाबाईंचं पत्र आलं. आपल्या अठ्ठेचाळीस नोंदी उपग्रहाशी जुळतात, अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस. इतर शाळांच्या दहातल्या सात जुळतात. तुमची मुलं आभाळाकडे बघतात की कॉम्प्युटरकडे, असं त्यांनी फार सभ्यपणे विचारलं आहे. उपग्रहाला वरून सगळं कळत नाही, म्हणून तर खालून बघणारी मुलं हवीत. पंधरा तारखेपर्यंत खुलासा गेला नाही तर शाळेचं नाव निघेल.

वर्गात विचारलं. श्रेया हटून बसली की अकरा तारखेला तिनं शून्य लिहिलं होतं. पुण्याच्या तक्त्यात चार आहे. माऊली म्हणाला की हिला ढग लई दिसतात, फळ्यावरचं तेवढं दिसत नाय. पोरं हसली. तेव्हापासून ती मैदानात येत नाही, खिडकीशी बसते.

एखादा आकडा चुकीचा टाइप झाला का, बघ. तुझा आकडा चुकत नाही, म्हणूनच विचारते.

आईला जप, स्वतःलाही.
तुझी ताई

मुकुंदवाडी
५ मार्च २०२५

ती. ताईस सप्रेम जय भीम. वि. वि.

फोन तीनदा लावला आणि तू उचलायच्या आत ठेवला. म्हणून लिहितो.

टाइप करताना काही चुकलं नाही. आकडे मी बदलले. कागद आले की उपग्रहाचं चित्र उघडून ताडून बघायचो. जुळलं नाही तिथं मुलांचं चुकलं असं धरायचो. असे सतरा आकडे आहेत. श्रेयानं लिहिलं होतं, ‘ढग शून्य. शेजारच्या रानात कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्यात, त्याचा धूर आहे.’ उपग्रहाचा आकडा चार होता. मी चार केले आणि धुराची ओळ गाळली.

अकरावीला लंबकाच्या प्रयोगात सगळ्यांनी पुस्तकातला आकडा लिहिला होता. मी आला तो लिहिला. सरांनी माझी वही वर्गापुढं धरून सगळ्यांना हसवलं. मग मी पुन्हा कॉलेजला गेलो नाही. गेलो नाही हे तुला माहीत होतं, का ते नव्हतं. तुझ्या मुलांवर तशी वेळ येऊ नये, एवढंच मनात होतं.

मूळ कागद एकही टाकला नाही. तारीखवार लावून सोबत पाठवतो. पुण्याला माझ्या नावानं खुलासा आजच पाठवला.

रागाव, पण लोभ काढून घेऊ नकोस.
धम्मपाल

अजिंठा
९ मार्च २०२५

चि. धम्मपालस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. शुद्धलेखन निर्दोष आहे, बाकी सगळं चुकलेलं आहे. आभाळाच्याही वह्या तपासणारा माणूस आपल्याच घरात निघावा.

वर्गाला खरं ते सांगितलं. श्रेयाचा कागद तिच्या हातात दिला. तिनं एकच विचारलं, की दादांनी त्या दिवशीचं आभाळ बघितलं होतं का. मला नाही म्हणावं लागलं. माऊलीनं माफी मागितली नाही, पण तिच्या पेन्सिलला टोक करून दिलं. तरी ती खिडकीशीच आहे. तिचं म्हणणं, दादांनी एकदा इथं येऊन मोजावं, मग मी येईन.

शनिवारी मामांच्या जीपनं ये. टोपी आण.
ताई

मुकुंदवाडी
१६ मार्च २०२५

ती. ताईस सप्रेम जय भीम. वि. वि.

सुखरूप पोचलो. रत्नमालाबाईंचं उत्तर आलं. अठ्ठेचाळीसही नोंदी रद्द. नाव ठेवलं आहे, पण पहिल्यापासून सुरुवात करायची. श्रेयाच्या त्या कागदाचा फोटो त्यांनी मागितला आहे. कशासाठी ते लिहिलेलं नाही. मूळ कागद तुझ्याकडे आहे, फोटो तूच पाठव.

काल मैदानात ती माझ्या शेजारी उभी राहिली तेव्हा मला सिल्लोडच्या बाजूला पांढरं काहीतरी दिसल्यासारखं वाटत होतं. विचारलं, तर म्हणाली की दिसलं असेल तर लिहा, वाटलं असेल तर नका लिहू. मी एक भाग लिहिला. तिनंही एकच लिहिला होता, पण माझा कागद बघून नाही.

आज सकाळी आकडा भरायला बसलो आणि सवयीनं आधी उपग्रहाचं चित्र उघडलं. त्यात तीन भाग आहेत.

एकच भरला. श्रेयाला सांग.

लोभ आहे तेवढा असू दे.
तुझा, धम्मपाल