टाळ कुठे वाजतोय?

बाबा, सीडी प्लेअर म्हणजे काय ते तुम्हाला समजावत बसत नाही. तुमच्या टेपरेकॉर्डरचा श्रीमंत नातू समजा. नारपोलीचे कापडाचे लूम भंगारात गेले, वडप्याच्या आपल्या जमिनीवर गोडाऊन उभं राहून भाडं यायला लागलं आणि तुमच्या लेकाला या वयात गाणी ऐकायचा शौक लागला. प्लेअर भारीतलाच घेतलाय. पण मागच्या रविवारी एक विक्रेता आणखी एक डबा घेऊन घरी आला. कन्व्हर्टर म्हणतात त्याला. सीडीवरच्या आकड्यांचा आवाज करायचं काम प्लेअर स्वतःच करतो, हा डबा म्हणे तेच काम जास्त चांगलं करतो. "अंकल, एक बार सुनो तो, पडदा हट जायेगा!" असलं पडदाबिडदा ऐकलं की माझं डोकं फिरतं. हा गडी मला गंडवायला आलाय, हे मला दारातच कळलं.

मग मी पक्की नाकेबंदी केली. आवाज किंचित चढवला की कुठलाही माल सरस वाटतो, ट्यूबलाइटखाली मळकं कापड पांढरं दिसतं तसं. म्हणून मोबाइलवर मोजून दोन्ही आवाज सारखे करून घेतले. दोन्ही यंत्रांवर चादर टाकली, बटण मुलीच्या हातात दिलं आणि त्या विक्रेत्याला सोफ्यावरून उठू दिलं नाही. भजनाची सीडी लावली. एकदा नुसता प्लेअर, एकदा डब्यातून. मला काडीचा फरक कळेना! मनात म्हटलं, सापडला चोर. तेवढ्यात मुलगी म्हणते, "पप्पा, दुसऱ्यात टाळ कसला सुटा वाजतोय! पहिल्यात जरा चरचरतो." ही कधी फितूर झाली? मी विचारलं, "कुठला टाळ?" तर म्हणते, "अहो, सुरुवातीपासून वाजतोय की!"

परत लावायला लावलं. पेटी आली, मृदंग आला, बुवांचा गळा आला. टाळ नाही. ना यात, ना त्यात. म्हटलं, दोघं मिळालेत. स्वयंपाकघरातून बायकोला हाक मारली, ती कशाला कुणाची बाजू घेईल? ती आतूनच काहीतरी म्हणाली, मला बोलणं लागलं नाही. दारात येऊन उभी राहिली तेव्हा लागलं: "टाळ ना? वाजतोय की, तो काय!" तिचे ओठ दिसले, म्हणून लागलं.

शेडात तुम्ही जॉबर, लूम बिघडला की हाक तुम्हालाच. आणि दहावीनंतर मी तुमच्या हाताखाली. त्या खडखडाटात सगळे ओठ बघूनच बोलायचे. ते मला कुणी शिकवलं नाही, आपोआप आलं. घरी मात्र मी पाठमोरा काही बोललो की तुम्ही खवळायचात, "माज्याकडं बगून बोल! तोंड लपवतोस कशाला?" मला वाटायचं, बापाचा माझ्यावर भरवसा नाही, याला मी खोटारडा वाटतो. केवढा राग यायचा! आणि तुम्हाला फक्त माझे ओठ दिसायला हवे होते. सरळ सांगायचं ना, बाबा, ऐकू येत न्हाय म्हणून. पण ते किती अवघड असतं ते आता मला कळतंय.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, आणि घरात दाखवायची माझी हिंमत नाही. तरी तुम्हाला म्हणून सांगतो. शेवटी विक्रेत्यानं विचारलं, "फिर अंकल, कौनसा?" सीडी चालूच होती, पुढचं भजन लागलं होतं. मी छातीठोक सांगितलं, "डब्याचं! आता बघ, टाळ कसा स्वच्छ येतोय." तो खूश झाला. "मान गये अंकल, कान तेज है आपका!" बायकोही हसली. मुलगी तेवढी हसली नाही. माझ्याकडे बघत, बहुतेक अगदी हळू, ती म्हणाली, "पप्पा, या भजनात टाळच नाहीये."

मी ते तिच्या ओठांवर स्पष्ट वाचलं, आणि ऐकू आलं नाही असं दाखवलं.