सातवा प्रश्न आणि एसेनकुलआबांची दुआ

३ जून

घेतला! माझा प्रश्न घेतला!! छापील यादीत सातवा. मी ती यादी चार वेळा वाचली, मग प्रसाधनगृहात जाऊन पाचव्यांदा वाचली. जीपार (आमची लघुलेखिका, शेजारचं टेबल) म्हणाली, "अगं, लग्न ठरल्यावर सुद्धा मुली एवढ्या नाचत नाहीत."

विचारणार क्लारा एजे (एजे म्हणजे ताई), कारण खासदार त्या. मी नुसती देखरेख समितीची कंत्राटी सहायक. पण शब्द न् शब्द माझा! इथे उतरवून ठेवते: 'उन्हाळी कुरणांवरचे एकेचाळीस हौद पूर्ण झाले आणि त्यांत पाणी येतं, हे कुरणावर जाऊन कोणी पाहिलं? दाखल्यावर सही कोणाची? नाव सांगा.'

कुरणपाणी निधीचा अहवाल गुळगुळीत, रंगीत. दाखला मात्र एकही जोडलेला नाही. आणि कुम-बुलाकवर माझ्या मामाच्या तंबूपासून शंभर पावलांवर हौद आहे, नळच नाही! जनावरं पाण्यासाठी घळीत उतरतात. मागच्या महिन्यात तीन घोड्या घसरून गेल्या. 

तीस तारखेला अधिवेशन संपतं. तोवर उत्तर आलं नाही तर अहवाल आपोआप मान्य, आणि पुढचे साठ हौद पुन्हा ह्याच लोकांच्या हातात. म्हणून सातवा प्रश्न. म्हणून मी नाचणार!

५ जून

क्लारा एजेंकडून प्रश्न मोठ्यानं वाचवून घेतला. 'नाव सांगा' म्हणताना त्यांनी चष्मा काढला. अंगावर काटा आला.

८ जून

लिफ्टमध्ये खुद्द निधीचे संचालक! मेलिस बाइके (म्हणजे मेलिसदादा). अत्तर एवढं की लिफ्टलाच शिंक यावी. माझ्याकडे बघून गोड हसले. "सातवा प्रश्न तूच लिहिलास ना, पोरी? लिही, लिही. पण तुमच्या एसेनकुलआबांना एकदा दाखवून घे."

आबांना काय दाखवायचं? समितीतले सर्वांत वयोवृद्ध खासदार, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. बैठकीत बसले की पांढरी लोकरी टोपी नाकापर्यंत उतरते आणि टोपीच्या आतून घोरणं येतं. माझी चेष्टा केली बाइकेंनी. करू दे! उद्या बघते.

९ जून

काय सांगू! हसू की रडू! दोन्ही करून झालंय, आता लिहिते.

क्लारा एजेंच्या मुलीला काल मुलगा झाला. म्हणून एजे सकाळी मोठी परात भरून बोरसोक घेऊन आल्या, पिठाचे गरम, तुपात तळलेले, फुगलेले तुकडे. समितीच्या टेबलावर चादर अंथरली, बोरसोक पसरले, जर्दाळूचा मुरंबा आला, चहा आला. अध्यक्ष "हे कामकाज आहे" असं दोनदा म्हणाले, मग त्यांनीही चार खाल्ले. मेलिस बाइकेंनी सात.

प्रश्न एक ते सहा छान झाले. बाइके आकडे फेकत होते, एजे ते परत त्यांच्याकडे फेकत होत्या. पावणेदोन वाजले. एजेंनी माझा कागद उचलला. "प्रश्न सातवा," म्हणाल्या.  "उन्हाळी कुरणांवरचे एकेचाळीस हौद—"

आणि टोपीखालून म्हातारा जागा झाला. समोर चादर, चादरीवर उष्टे कप, बोरसोकचे तुकडे. झोपेत त्यांना वाटलं, जेवण झालं; आणि जेवणानंतरची दुआ सर्वांत थोरल्यानंच द्यायची, मग सगळ्यांनी उठायचं. दोन्ही तळवे वर करून सुरू! "बाळाला आयुष्य लाभो, घरात भरभराट होवो, देशात शांती नांदो..."

मग काय! तळवे वर गेले की गेले. अध्यक्षांचे गेले, निधीच्या सहाही माणसांचे गेले. क्लारा एजेंनी सातवा प्रश्न खाली ठेवला आणि तळवे वर केले!! जीपारची पेन्सिल गळून पडली. आणि मी — हो, मीसुद्धा — सगळ्यांबरोबर तोंडावरून हात फिरवून "ओमीन!" म्हटलं.

ओमीन म्हटल्यावर कोण बसतं? तीस खुर्च्या एकदम सरकल्या. अध्यक्ष ओरडले, "अहो, बैठक संपलेली नाही!" मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, दुआ झाली. परत बसणं बरं नव्हे." अध्यक्षांनी स्वतःकडे बघितलं. तेही उभेच होते.

मेलिस बाइके हातावर तुरी देऊन गेले. दारात वळून मला म्हणाले, "बोरसोक झकास होते हं."

जीपारच्या कामकाजाच्या नोंदीत शेवटचं वाक्य: 'ओमीन (सर्व).' वाचून आम्ही दोघी टेबलाखाली बसून हसलो. मग मी रडले थोडी. मग परत हसलो.

१० जून

अख्ख्या संसदेत हाच विषय. उपाहारगृहातला आचारी मला बघून तळवे वर करतो. मेला!

पुढची बैठक पंचवीस तारखेला. शेवटचीच.

१४ जून

मामाचा फोन. तिकडे रेंज यायला तो घोड्यावर उभा राहतो — बसत नाही, उभा! म्हणून बोलणं नेहमी मध्येच तुटतं.

"उमसुन, तुमच्या हौदाचा उपयोग झाला बरं का!"

"पाणी आलं?!"

"नाही गं. शेळी व्याली त्यात. आडोसा चांगला आहे."

मी हसत सुटले, तोही हसला. मग म्हणाला, "अजून दोन घोड्या गाभण आहेत. रोज घळीच्या तोंडाशी मीच उभा राहतो." आणि तुटलं.

१७ जून

पक्कं ठरलं. पंचवीसला टेबलावर काही नाही! चादर नाही, चहा नाही, गोळी-चॉकलेटसुद्धा नाही. जीपार म्हणाली, "आबांना सवय आहे. पाण्याच्या बाटलीवर सुद्धा दुआ देतील." मग बाटल्याही नकोत. "जूनमध्ये? तीस माणसं? तूच मर तहानेनं."

विचार करता करता डोक्यात वीज चमकली. दुआ झाली की सगळे उठतात. झालीच नाही तर?? आबांच्या आधी दुआ द्यायची कुणाची टाप नाही! उद्या आबांकडे जाते. फार तर हाकलतील.

१८ जून

गेले. आबा संसदेमागच्या बागेत बाकावर होते, हातात माक्सिमचा पेला. एवढ्या उन्हात ते सत्तूचं आंबट पेय मलाही हवं होतं, पण मी हात जोडून उभी.

"आबा, एक मागणं आहे. पंचवीसला दुआ देऊ नका."

टोपी वर झाली. डोळे एकदम जागे. "कधीपर्यंत?"

"सातव्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत."

मला वाटलं हसतील किंवा रागावतील. ते मात्र पेल्याच्या तळाशी बघत बसले. मग: "तुझा मामा कुठल्या कुरणावर?"

"कुम-बुलाक."

"किती घोड्या गेल्या?"

मी चकित! घोड्यांचं मी जीपारखेरीज समितीत कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हटलं, जीपारनं फोडलं असणार. "तीन, आबा. एकीचे दिवस भरले होते."

आबांनी पेला माझ्या हातात दिला, अर्धा भरलेला. "पी. आणि ऐक. टेबल रिकामं ठेवू नकोस. रिकाम्या टेबलावरून माणूस कधीही उठतो. चादर घाल. बोरसोक कर, ढीगभर कर. भरल्या चादरीवरून दुआ झाल्याशिवाय कोण उठतं बघू."

काय डोकं! काय डोकं म्हाताऱ्याचं!! परत येताना मी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढले. सत्तूची नशाही चढली असेल.

२४ जून

जीपारच्या मावशीच्या स्वयंपाकघरात तळण. पाच किलो पिठाचे बोरसोक. माझ्या कोपरापर्यंत तेलाचे चटके, जीपारच्या भुवयांना पीठ. मावशी म्हणाली, "कुणाचं लग्न?" जीपार: "संचालकांचं."

२५ जून

बसतच नाहीये मी एका जागी. लिहिते पण उभ्यानं!

दहाला सुरू. चादर, त्यावर बोरसोकचा डोंगर. मेलिस बाइके बघून खूश: "वा, आज पुन्हा!" त्यांना वाटलं सुंठीवाचून खोकला गेला. जेवणापर्यंत मागच्या सहा प्रश्नांच्या उत्तरांची छाननी झाली. मग एजेंनी कागद उचलला, चष्मा काढला आणि सातवा प्रश्न अख्खा विचारला! अख्खा! शेवटच्या शब्दापर्यंत!

बाइके: "लेखी उत्तर देऊ." आणि आबांकडे बघून तळवे थोडे वर केले, म्हणजे 'चला, करा.'

आबांचे हात काठीवर. "चहा घे, मेलिस."

त्यांनी घेतला. एजेंनी पुन्हा विचारलं. "फाइल कार्यालयात आहे." चहा. "सही करणारे बरेच असतात." चहा. "प्रवासात असतात ते." चहा. निधीचा उपसंचालक चुळबुळत होता, त्यानं हळूच स्वतःचे तळवे उघडले. आबांनी फक्त मान वळवली. "माझ्या आधी?" तळवे असे मिटले की टाळीच वाजली! अध्यक्षांना खोकला आला, तो हसण्याचा होता.

चार वाजता बाइकेंची घामानं कॉलर ओली. आठ कप झाले होते आणि बाहेर जायची सोय नव्हती. एजेंनी अकराव्यांदा विचारलं, आणि वर म्हणाल्या, "खाई त्याला खवखवे, मेलिस. तू तर पंधरा खाल्लेस." मी जीपारचा हात एवढा दाबला की तिची एक ओळ सुटली.

शेवटी बाइके आबांनाच म्हणाले, अगदी हळू, "आबा, खरंच आणू दाखला?"

"आण."

"उद्या नऊला आणतो."

"मग दुआ उद्या नऊनंतर," आबा म्हणाले. "चादर कुणी उचलायची नाही. बैठक चालू आहे."

सगळे दुआ न घेता उठले! अवघडून, एकमेकांकडे न बघता, चोरी केल्यासारखे. मी आणि जीपारनं बोरसोकवर रुमाल झाकले. जाताना आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ उचललाच नाही. दमले असतील बिचारे, सात तास बसून.

मामाला निरोप धाडला: उद्या नाव कळणार!! उद्या नऊ! उद्या नऊ! उद्या नऊ!

२६ जून

दाखला आला. एकच कागद, एकेचाळीस हौद, एक सही. क्लारा एजेंनी नाव वाचलं आणि पुढे त्यांना वाचवेना. एसेनकुलआबांचं.

आबा उभे राहिले. "सही माझी. एकही हौद मी पाहिला नाही. मेलिसकडे जेवायला गेलो होतो. मेंढी कापली, मानाचं डोकं माझ्यापुढे ठेवलं, मग कागद ठेवला. खाल्ल्यावर नाही म्हणवेना. मागच्या महिन्यात घोड्यांचं कानावर आलं, तेव्हापासून टोपीखाली डोळा लागलेला नाही. लिहून घे, पोरी." जीपारला लिहवेना, मी लिहिलं. पुढचे साठ हौद थांबले. आबांनी राजीनामा अध्यक्षांपुढे ठेवला. मग सवयीनं सगळे त्यांच्याकडे बघत राहिले, तळवे अर्धे वर करून. आबा म्हणाले, "पाणी आल्यावर," आणि काठी टेकत निघून गेले.

नऊ तारखेला वर लिहिलंय मी, म्हातारा जागा झाला म्हणून. किती हसले होते! ते झोपलेच नव्हते. मला लाज वाटते.

बोरसोक कडक झालेत. शिपाई चादर उचलायला आला होता. मी उचलू दिली नाही.