कुंचीचे बंद

खजुरी

प्रिय शरणव्वा,

तुझं पत्र पोचलं. पहिलं बाळंतपण माहेरीच, अन् ते अव्वाच्याच हातानं, दुसऱ्या कुणाला शिवू देणार न्हाई, असं लिहिलंस. वाचून आधी फुलले, मग भ्याले. अमावास्या टळली की तुझा अण्णा भालकीला न्यायला येईल. पुढचं मात्र एकटीनंच वाच.

तुझे अप्पा गेल्यावर मी कशी झाले होते ते तू बघितलंस. चुलीपुढं बसायचं, सून वाढेल ते खायचं. पोलीस ॲक्शननंतर आपली सुईण अमीनाबी सोलापूरला लेकाकडं गेली, अन् गावात बाया अडायला लागल्या. तिच्यापाशी पाणी तापवता तापवता जे बघितलं होतं, तेवढ्यावर मी पदर खोचला. साठीला टेकलेल्या बाईला लोक दाराशी येऊन हाका मारायला लागले! मला परत भूक लागायला लागली, झोप लागायला लागली. खजुरीतली निम्मी रांगती पोरं माझ्या हातावर आलेली हायत.

दिवाळीपासून डावा हात कापायलाय. आधी वाटलं, थंडीनं असेल. मग एका सकाळी पूजेला गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतलं, अन् ते निसटून मांडीवर पडलं. शरणव्वा, पदर होता म्हणून भुईला लागलं न्हाई. मठातल्या स्वामींना सांगितलं न्हाई, तुझ्या अण्णालाबी न्हाई. गुडघ्याचं निमित्त करून गुलबर्ग्याला डॉक्टरला दाखवलं. नसांचा आजार हाय, वाढत जाईल, औषध न्हाई, म्हणाला. तरी मी बोलावतील तिथं जातच राहिले. घरी बसले असते तर परत ती चूल होतीच.

संक्रांतीच्या सुमाराला जगदेवप्पाच्या सुनेचं बाळ माझ्या हातातून सटकलं. मदतीला आलेल्या महादेवीनं, रेवणसिद्धप्पाच्या थोरल्या सुनेनं, वरच्यावर झेललं. पोर रडलं, सगळ्या हसल्या. मी खांबाला धरून उभी. घरी येऊन सांगून टाकलं, आता मला बोलवू नका. दुसऱ्या दिवशी महादेवी आली अन् म्हणाली, "हात माझे घ्या की, अक्का. तोंड तर तुमचं चालायलंय." तेव्हापासून मी डावा हात पदरात गुंडाळून उशाशी बसते अन् सांगते, आता दम धर, आता जोर लाव, महादेवी, नाळ आत्ताच कापू नको. दोन बाळंतपणं अशी सुखरूप झाली. मी अजून उपयोगाची हाय.

पण तुझ्या बाळंतपणाची भीती काही जात न्हाई. दुसऱ्याच्या लेकीपाशी मी हात आवरते. तू ओरडलीस तर मला न्हाई आवरायचं. तू म्हणशील, अव्वा, तूच ये, अन् मी धावेन. हे पत्र त्यासाठीच लिहायले. कळा सुरू झाल्या की महादेवीलाच हाक मार. मी रडले, भांडले, तरी तिलाच बोलव. मला लांब मात्र लोटू नको, उशाशी बसू दे. बाळाला न्हाऊ घातलं की माझ्या मांडीवर दे. कुंची शिवून ठेवलीय, टाके वाकडेतिकडे आलेत. तिचे बंद तेवढे मी बांधीन. ती गाठ चुकली तर सोडून परत बांधता येती.

तुझीच, भ्यालेली
अव्वा