‘ती’ एकवचनी की अनेकवचनी

१२ नोव्हें., बुधवार
पो. ठाण्यातून बोलावणं. हवालदार घाटावरचे, आमची बोली कळत नाही. म्हणून शाळेतल्या मराठीच्या बाई, म्हणजे मी. गावच्या सभेतली क्लिप ऐकून मराठीत लिहून द्यायची. बोलणारा लक्ष्मणमामा, गावचा भगत, आईचा सख्खा भाऊ. तक्रार खोडाळा बाजारातल्या बांगडीवाल्याची. दोन समाजांत तेढ निर्माण केल्याचं कलम लागेल की नाही, ते माझ्या कागदावर. नातं सांगून टाकलं. ‘असू द्या मॅडम, तुमच्यावर विश्वास आहे,’ म्हणाले, चहा मागवला. पोलिसांना एवढा विश्वास कधीपासून?

१३, गुरुवार
क्लिप ऐकून ऐकून डोकं उठलं. मामा म्हणतो, ‘ती बाजारातून आली. ती शिवेपार घालवा.’ बस्स. कोण ती? पोरं तापाने फणफणलीत, आणि पीडा शिवेपार घालवायचं काम मामाचंच. मग ती म्हणजे पीडा, एकवचन. पण ती माणसंसुद्धा ‘ती’च. ‘आली’ही दोन्हीकडे चालतं. आधीचं वाक्य कापलंय. क्लिप पहिल्यांदा टाकली सरपंचाच्या पुतण्याने. बांगडीवाल्याचा गाळा त्याला हवाय, असं कानावर आहे...

१५, शनिवार
सभेला होते त्यांना विचारलं. मामी म्हणते, तापाचंच बोलला. शेजारचा काळू म्हणतो, बांगडीवाल्यांचं, आणि बरं बोलला. दोघं शेजारी शेजारी बसलेले! मामी नवऱ्याला वाचवणार, काळू सरपंचाच्या पुतण्याच्या जीपवर ड्रायव्हर. खरं कोणाचं धरू?

१६, रविवार
खोडाळा. गाळा बंद, पत्र्याला दगडांचे पोचे. बांगडीवाल्याची बायको रुखसानाभाभी, माझ्या लग्नाचा चुडा यांनीच भरलेला. मागच्या दाराने आत घेतलं. म्हणाल्या, ‘मामाला जेलात टाकायचं नाही आम्हाला. तुम्ही फक्त सांगा, मॅडम, ती म्हणजे आम्ही का?’
लाज वाटली. आणि परतताना मनात आलं, या मला गोड बोलून गुंडाळत तर नाहीत? कसली झालेय मी.

१७, सोमवार
शाळा सुटल्यावर मामाकडे. खळ्यावर भात झोडत होता. सरळ विचारलं, ताप की माणसं? हात थांबला नाही. सभेत तापाचंच बोलत होता म्हणे. मग लोकांनी भलतंच धरलं, तेव्हा गप्प का बसलास?
‘लोका टाळ्या वाजवीत व्हती.’
बराच वेळ झोडत राहिला. मी निघाले तेव्हा म्हणाला, ‘तू शिकलेली हायेस. तू लिव्हशील तेच मी बोललो.’
भाबडेपणा की हुशारी? आयुष्यभर ओळखते या माणसाला, तरी सांगता येत नाही.

१८, मंगळवार
कागद पुढ्यात. ‘ती’ लिहिलं तसंच ठेवणार होते. हवालदारांचा फोन: नुसतं ‘ती’ चालणार नाही मॅडम, पुढे कंसात अर्थ लिहा.
कंस उघडलाय.